कावीळ कोणती? हिपॅटायटिसचे विषाणू ओळखणाऱ्या चाचण्यांचा इतिहास

कावीळ हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे. रक्तातले बिलिरुबिन वाढले की डोळे पिवळे दिसतात आणि लघवी गडद होते. यकृताला इजा झाली आहे एवढे त्यावरून कळते. ती कोणत्या विषाणूने केली, हे कळत नाही. मराठी बोलण्यात ‘पिवळी कावीळ’ आणि ‘पांढरी कावीळ’ असा भेद आजही केला जातो आणि पांढरी म्हणजे हिपॅटायटिस बी असे समजले जाते. रोग्याच्या रंगावरून विषाणू मात्र ठरत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरांच्या हातातही याहून फारसे काही नव्हते. आजारी पडण्यापूर्वी रोग्याला सुई टोचली होती का, रक्त दिले होते का, की गावात पाण्याबरोबर साथच आली होती, एवढ्या चौकशीवर निदान उभे राही. १९४७ मध्ये ब्रिटिश संशोधक फ्रेडरिक मॅक्कॉलम यांनी पाण्या-अन्नातून पसरणाऱ्या काविळीला ‘ए’ आणि रक्तातून पसरणारीला ‘बी’ अशी नावे सुचवली. ही नावे संसर्गाच्या वाटांची होती. त्यांच्यामागे प्रयोगशाळेतली एकही चाचणी नव्हती.

दिल्लीची मोठी साथ आली ती याच काळात. १९५५ च्या पावसाळ्याअखेर यमुनेला पूर आला. तो ओसरताना नदीचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी वजिराबादच्या पंपिंग स्टेशनपाशी, म्हणजे शहरासाठी पाणी उचलले जाई तिथेच, मिसळू लागले. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांना धोका कळला होता. त्यांनी तुरटी आणि क्लोरिन यांचे प्रमाण वाढवले, आणि त्याचा उपयोगही झाला: टायफॉइड किंवा आमांशाची साथ उसळली नाही. कावीळ मात्र आली. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत सुमारे २९,३०० लोकांना उघड कावीळ झाल्याचा अंदाज डॉ. आर. विश्वनाथन यांच्या पाहणीतून निघाला. पाण्यातून आलेली साथ असल्याने ती ‘संसर्गजन्य हिपॅटायटिस’, म्हणजेच ‘ए’, अशी नोंदली गेली. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे दुसरे नाव देण्याची सोयच नव्हती.

त्या नोंदींत दोन गोष्टी नीट बसत नव्हत्या. आजारी पडलेल्यांत मुलांपेक्षा तरुण आणि मध्यमवयीन माणसे जास्त होती, आणि गरोदर स्त्रियांना हा आजार विशेष जड गेला होता; त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ठळकपणे अधिक होते. तेव्हाच्या भारतात पाण्यातून येणारे जंतू बहुतेकांना लहानपणीच गाठत असत. मग वयात आलेल्या माणसांनाच ही कावीळ का व्हावी? प्रश्न होता, पण तो सोडवायला साधन नव्हते. रुग्णांच्या रक्तातून वेगळा केलेला द्रव, ज्याला प्रयोगशाळेत सगळे सिरम म्हणतात, त्याचे काही नमुने गोठवून ठेवले गेले. पुढे जे घडले त्यात या गोठवलेल्या बाटल्यांचा वाटा मोठा आहे.

पहिली खरी चाचणी आली ती काविळीचा शोध घेताना नव्हे. अमेरिकेत बारुक ब्लुमबर्ग निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातल्या प्रथिनांमधले आनुवंशिक फरक तपासत होते. त्यांची पद्धत स्वीडनच्या ऑक्टरलोनी यांची होती आणि ती डोळ्यांनी पाहता येण्याजोगी होती. काचेवर आगरचा पातळ थर ओतायचा, तो गोठला की त्यात छोटी भोके पाडायची, एका भोकात एकाचे सिरम आणि शेजारच्यात दुसऱ्याचे घालायचे आणि एक-दोन दिवस थांबायचे. दोन्ही द्रव आगरमधून हळूहळू पसरत एकमेकांकडे येतात. एकातला प्रतिजन (शरीराला परका वाटणारा पदार्थ) आणि दुसऱ्यातले प्रतिपिंड (त्याला चिकटणारी शरीराची प्रथिने) जुळले, तर ते जिथे भेटतात तिथे केसाएवढी पांढरी रेघ उमटते. १९६३ मध्ये अनेकदा दुसऱ्यांचे रक्त चढवलेल्या न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचे सिरम आणि एका ऑस्ट्रेलियन आदिवासीचे सिरम यांच्यामध्ये अशी रेघ आली. त्या अनोळखी प्रतिजनाचे नाव ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ पडले. त्याचा काविळीशी संबंध आहे हे स्पष्ट व्हायला आणखी काही वर्षे गेली. ब्लुमबर्ग यांच्याच प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ स्त्रीला बरे वाटेनासे झाले, तिने स्वतःचे सिरम तपासले आणि रेघ उमटली. १९६८ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये अल्फ्रेड प्रिन्स आणि जपानमध्ये काझुओ ओकोची यांच्या कामातून हा प्रतिजन रक्तातून येणाऱ्या काविळीचाच आहे हे पक्के झाले. तो हिपॅटायटिस बी विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचा भाग होता.

आगरची रेघ ही फार ढोबळ चाचणी आहे. डोळ्यांना दिसावी यासाठी प्रतिजन प्रचंड प्रमाणात लागतो. बी विषाणूच्या बाबतीत ती चालली, कारण हा विषाणू स्वतःच्या आवरणाचे रिकामे कण बेसुमार तयार करून रक्तात सोडतो. इतर कोणत्याही हिपॅटायटिसचा विषाणू या पद्धतीने सापडला नसता. १९७२ मध्ये किरणोत्सर्गी खुणेवर चालणारी रेडिओइम्युनोअसे पद्धत आली आणि तिच्या मागोमाग रंग पालटणारी एलायझा. आगरमध्ये निर्दोष दिसलेल्या कित्येक बाटल्यांमध्ये या नव्या पद्धतींना विषाणूचे आवरण सापडू लागले. रक्तपेढ्यांमधली बाटली ‘चांगली’ ठरण्याचा अर्थच त्यामुळे बदलला.

त्याच सुमारास या प्रतिजनाला पोटभेद आहेत हेही दिसू लागले. सगळ्यांमध्ये समान असा ‘ए’ हा भाग. त्याशिवाय १९७१ मध्ये ल बुव्हिए यांनी ‘डी’ आणि ‘वाय’ हा भेद दाखवला, तर १९७२ मध्ये बँक्रॉफ्ट यांनी ‘डब्ल्यू’ आणि ‘आर’ हा. या जोड्यांचे नकाशे काढले गेले. पूर्व आशियात ‘एडीआर’, भूमध्य समुद्रापासून भारतापर्यंतच्या पट्ट्यात ‘एवायडब्ल्यू’ आणि युरोप-अमेरिकेच्या बऱ्याच भागांत ‘एडीडब्ल्यू’ असे चित्र ढोबळमानाने उमटले. स्थलांतर करताना माणसे आपला विषाणूही बरोबर नेतात, हे या नकाशांनी पहिल्यांदा दाखवले. पुढे असे समजले की आवरणाच्या प्रथिनात १२२ व्या जागी लायसिन असेल तर ‘डी’ आणि आर्जिनिन असेल तर ‘वाय’. १६० व्या जागी तीच अदलाबदल ‘डब्ल्यू’ आणि ‘आर’ ठरवते. म्हणजे जनुकातले एकच अक्षर बदलले तरी विषाणू या पद्धतीत दुसऱ्या रकान्यात जाई. १९८८ मध्ये ओकामोतो आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण जनुकसंच ताडून पाहिले आणि ८ टक्क्यांहून जास्त फरक असलेले गट वेगळे मानले. तेव्हापासून जनुकप्रकारांची वर्गवारी रूढ झाली. भारतात मुख्यतः ‘डी’ आणि ‘ए’ हे जनुकप्रकार आढळतात, पूर्वेकडे ‘सी’ही.

चाचणीची पारख विषाणूच्या अशा बदलांपाशीच होते. १९९० मध्ये इटलीतल्या लसवंत बालकांमधून एक बदललेला बी विषाणू नोंदला गेला. त्याच्या आवरणात १४५ व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन होते. एकाच जागेला चिकटणारे प्रतिपिंड वापरणाऱ्या काही चाचण्यांना तो दिसेना. तेव्हापासून किट निवडताना ते कोणत्या प्रदेशातल्या विषाणूंवर पारखले आहे, हा प्रश्न विचारणे भाग पडले.

हिपॅटायटिस ‘ए’चा विषाणू मात्र १९७३ मध्ये दिसला. स्टीफन फाइनस्टोन, अल्बर्ट कापिकियन आणि रॉबर्ट पर्सेल यांनी रुग्णाच्या विष्ठेचा अर्क घेतला आणि त्यात आजारातून बऱ्या झालेल्या माणसाचे सिरम मिसळले. त्यातले प्रतिपिंड सुट्या कणांना एकत्र बांधतात, आणि असे पुंजके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ओळखू येतात. २७ नॅनोमीटरचे गोल कण दिसले. त्यावरून प्रतिपिंडांची चाचणी तयार झाली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिच्यात एक निर्णायक सुधारणा झाली. शरीर संसर्गानंतर आधी आयजीएम जातीचे प्रतिपिंड बनवते, ते काही महिन्यांत ओसरतात. आयजीजी मात्र वर्षानुवर्षे राहतात. त्यामुळे आयजीएम सापडले तर आजार ताजा, आणि फक्त आयजीजी सापडले तर तो कधीतरी होऊन गेलेला, असे सांगता येऊ लागले. भारतासारख्या देशात ही सुधारणा नसती तर ‘ए’ची चाचणी निरुपयोगीच ठरली असती, कारण जुने प्रतिपिंड जवळजवळ प्रत्येक प्रौढाच्या रक्तात होते.

दोन चाचण्या हातात आल्या तेव्हा एक धक्का बसला. १९७५ मध्ये पर्सेल यांच्या गटाने रक्त घेतल्यावर कावीळ झालेल्या अमेरिकन रुग्णांचे नमुने तपासले. त्यांतल्या अनेकांत ना ‘ए’ होता ना ‘बी’. या आजाराला ‘नॉन-ए नॉन-बी’ म्हणू लागले. काय नाही तेवढेच सांगणारे हे नाव दीड दशक टिकले.

इथे दिल्लीच्या बाटल्या पुन्हा बाहेर निघाल्या. पुण्यात १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झालेली आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झालेली संस्था काविळीच्या साथींचा माग काढत होती. १९७५-७६ मध्ये अहमदाबादला पाण्यातून साथ आली होती आणि तिथले नमुनेही उपलब्ध होते. पुण्याच्या एम. ए. श्रीनिवासन, एस. आर. प्रसाद आणि खोर्शेद पावरी यांनी अमेरिकेतल्या डोरिस वाँग आणि पर्सेल यांच्यासह दिल्लीचे, अहमदाबादचे आणि पुण्यातल्या तुरळक काविळीच्या रुग्णांचे सिरम नव्या चाचण्यांनी तपासले. दिल्लीच्या रुग्णांमध्ये ‘ए’चे आयजीजी प्रतिपिंड होते, म्हणजे तो आजार त्यांना पूर्वीच होऊन गेला होता, ताजे आयजीएम नव्हते. ‘बी’ही या साथीचे कारण नव्हता. १९८० मध्ये लॅन्सेटमध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हिपॅटायटिस ए च्या जलजन्य साथीचे ठळक उदाहरण म्हणून शिकवली गेलेली दिल्लीची साथ ‘ए’ची नव्हतीच. पावशतक जपलेल्या द्रवाने हे सांगितले. जतन झाले नसते तर चुकीचे नाव कायम राहिले असते.

त्याच वर्षी मोहम्मद सुलतान खुरू यांनी १९७८ मध्ये काश्मीरच्या खोऱ्यात उसळलेल्या साथीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही आजारी पडलेले बहुतेक तरुण होते आणि गरोदर स्त्रियांवर तोच घाला पडला होता. खुरू यांनी स्पष्ट म्हटले की हा रक्तातून येणाऱ्या नॉन-ए नॉन-बीपेक्षा वेगळा, आणखी एक मानवी हिपॅटायटिस विषाणू असू शकतो. महाराष्ट्रात १९८१ मध्ये कोल्हापूर शहरात पाण्यातून आलेली साथ पुण्याच्या संस्थेने तपासली आणि तीही ‘ए’ किंवा ‘बी’ची नसल्याचे दिसले.

वगळत वगळत केलेले निदान किती काळ धरून ठेवायचे? विषाणू डोळ्यांनी दिसायला हवा होता. सोव्हिएत विषाणुतज्ज्ञ मिखाईल बालायान यांनी अफगाणिस्तानातल्या सैन्यछावण्यांतील नऊ रुग्णांच्या विष्ठेचा एकत्रित अर्क स्वतः प्राशन केला. ‘ए’चे प्रतिपिंड त्यांच्या रक्तात आधीच होते, त्यामुळे पुन्हा ‘ए’ होण्याचा प्रश्न नव्हता. होईल ती कावीळ नव्या विषाणूचीच असणार होती. सुमारे पाच आठवड्यांनी ती झाली. त्यांच्या विष्ठेत सुमारे २७ ते ३० नॅनोमीटरचे कण दिसले आणि माकडांनाही संसर्ग करता आला. हा अभ्यास १९८३ मध्ये छापला गेला. पुण्यात विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांमधील अशाच कणांचा आजाराशी असलेला संबंध १९८८ मध्ये दाखवला. १९९० मध्ये ग्रेगरी रेयेस यांच्या गटाने ब्रह्मदेशातल्या विषाणूच्या जनुकाचा तुकडा मिळवला. विषाणूला हिपॅटायटिस ई हे नाव रूढ झाले आणि त्याच्या प्रथिनांवर बेतलेल्या एलायझा चाचण्या तयार होऊ लागल्या.

त्या हातात आल्यावर पुण्याच्या संस्थेने जपलेला साठा पुन्हा उपयोगी पडला. अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये भारतातल्या १७ साथींचे नमुने पारखले तेव्हा १६ साथी ‘ई’च्या निघाल्या. अंदमान बेटांवरची एक साथ मात्र ओळखीच्या कोणत्याही विषाणूशी जुळली नाही. ती नोंद तशीच प्रामाणिकपणे छापली गेली आहे.

‘ई’च्या चाचण्यांची पारख करताना प्रदेशाचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने पुढे आला. मेक्सिकोत १९८६ मध्ये सापडलेला विषाणू ब्रह्मदेशातल्या विषाणूपेक्षा वेगळा होता, इतका की तिसऱ्या जनुकभागापासून बनवलेला प्रतिजन एका देशातल्या रुग्णांचे प्रतिपिंड पकडे आणि दुसऱ्या देशातल्यांचे चुकवे. म्हणून किटमध्ये दोन्ही देशांच्या विषाणूंचे तुकडे घालावे लागले. १९९८ मध्ये एरिक मास्ट आणि सहकाऱ्यांनी एकच नमुना-संच वेगवेगळ्या १२ चाचण्यांनी तपासून निकाल शेजारी शेजारी ठेवले. जिथे साथी येतात त्या भागांतल्या खऱ्या रुग्णांबाबत चाचण्यांचे बऱ्यापैकी एकमत झाले. अमेरिकेतल्या निरोगी रक्तदात्यांबाबत ते फारच तोकडे पडले. तीच गोष्ट फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात पुन्हा दिसली. तिथल्या रक्तदात्यांत एका किटने १६.६ टक्के लोकांत ‘ई’चे प्रतिपिंड दाखवले होते, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुसऱ्या, अधिक संवेदनशील किटने हाच आकडा ५२.५ टक्के दाखवला. प्रदेश तोच होता, बदलली होती ती चाचणी. दोन देशांची टक्केवारी शेजारी मांडताना दोन्हीकडे कोणते किट वापरले हे न पाहता काढलेला निष्कर्ष किती घसरू शकतो, हे या एका उदाहरणात दिसते.

डुकरांत ‘ई’ विषाणू सापडल्यावर आणखी एक गुंता उभा राहिला. पाश्चात्त्य देशांत माणसांमधला आणि डुकरांमधला विषाणू एकाच, तिसऱ्या जनुकप्रकाराचा निघाला, म्हणजे तिथे तो प्राण्यांकडून माणसांकडे येतो. पश्चिम भारतात पुण्याच्या संस्थेने हीच तुलना केली. इथल्या माणसांत पहिला जनुकप्रकार होता आणि डुकरांत चौथा. २००२ चा हा निष्कर्ष इथल्या साथींचे मूळ पुन्हा मैलापाण्याकडे नेतो. इचलकरंजीत २०१२ मध्ये आलेली साथही ‘ई’चीच होती.

‘सी’ विषाणूचा मार्ग याच्या उलट आहे. तो कोणी पाहण्याआधीच त्याची चाचणी तयार झाली. मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी डॅनियल ब्रॅडली यांच्यासह संसर्गित चिंपांझीच्या रक्तातून लाखो जनुकतुकडे काढून रुग्णाच्या प्रतिपिंडांशी जुळणारा एक तुकडा शोधला. १९८९ मध्ये तो जाहीर झाला आणि लगेच त्यावर बेतलेली एलायझा आली. ती एकाच प्रतिजनावर उभी होती. संसर्गानंतर प्रतिपिंड उशिरा दिसत, आणि मलेरियासारखे आजार वारंवार होणाऱ्या आफ्रिकी भागांत, विशेषतः जुन्या साठवलेल्या सिरममध्ये, ती खोटे होकार देई. विषाणूच्या गाभ्याचे आणि इतर प्रथिनांचे भाग घातलेल्या पुढच्या पिढीच्या चाचण्यांनी तो दोष बराच कमी केला.

‘सी’चे जनुकप्रकार ओळखणे हा फक्त अभ्यासाचा विषय नव्हता. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांच्या काळात पहिल्या प्रकाराच्या रुग्णाला ४८ आठवड्यांचे उपचार लागत. दुसऱ्या-तिसऱ्याला २४ पुरत. ती इंजेक्शने महाग होती आणि ताप, थकवा, नैराश्य यांनी माणूस खंगून जाई. प्रकार चुकला तर त्याला अर्धे वर्ष विनाकारण सोसावे लागे. सर्वाधिक वापरात आली ती पट्टीची चाचणी. कागदासारख्या अरुंद पट्टीवर वेगवेगळ्या प्रकारांचे जनुकतुकडे आडव्या रेघांत बसवलेले असत. रुग्णाच्या विषाणूचे वाढवलेले जनुक त्यावर ओतले की जुळलेल्या रेघा जांभळ्या होत आणि तंत्रज्ञ त्या तक्त्याशी ताडून प्रकार वाचत असे. ही पट्टी विषाणूच्या सुरुवातीचा भाग पाहत असे, कारण तो सर्वांत स्थिर असतो. युरोपात ते चालले. व्हिएतनाम, लाओस, थायलंड या भागांत सहाव्या प्रकाराचे अनेक पोटभेद त्या भागात पहिल्या प्रकारासारखेच दिसतात. त्यामुळे तिथल्या रुग्णांना पट्टी ‘पहिला’ म्हणत राहिली. पट्टीच्या पुढच्या आवृत्तीत गाभ्याच्या जनुकाचा भाग घातला तेव्हा चूक बरीच आटोक्यात आली. सेंट पीटर्सबर्गमध्ये २००२ मध्ये असाही विषाणू नोंदला गेला ज्याचा पुढचा भाग दुसऱ्या प्रकाराचा आणि मागचा पहिल्याचा होता. अशा संकराचा खरा प्रकार एकाच भागावर चालणाऱ्या चाचणीला सांगता येणे शक्यच नव्हते.

भारतात तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो, पहिला त्याच्या खालोखाल, आणि ईशान्येत सहावा दिसतो. २०१८ मध्ये कॅनडात उपचार घेणाऱ्या, मूळच्या पंजाबमधल्या चार रुग्णांच्या विषाणूंचे पूर्ण जनुकवाचन झाले तेव्हा ते तोवर माहीत असलेल्या सातपैकी कोणत्याच प्रकारात बसेनात. त्यांना आठवा प्रकार मानले गेले.

तोपर्यंत सर्व प्रकारांवर चालणाऱ्या गोळ्या आल्या होत्या. २८ जुलै २०१८ रोजी भारतात राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात ‘सी’च्या बहुतेक रुग्णांना जनुकप्रकार न तपासताच औषध देण्याची पद्धत ठरली. प्रकार ओळखण्याचे काम आता साथीच्या तपासात जास्त लागते. गुजरातमधल्या मोडासा भागात २००९ मध्ये हिपॅटायटिस बीची प्राणघातक साथ आली तेव्हा नेहमीची चाचणी फक्त ‘बी’ एवढेच सांगत होती. पुण्याच्या संस्थेने जनुके वाचल्यावर रुग्णांमधला विषाणू ‘डी’ प्रकारातला, ‘ई-अँटिजेन’ हे बी विषाणूचे एक प्रथिन न बनवणारा, बदललेला निघाला, आणि नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजांपर्यंत त्याचा माग लागला.